गिरिजाक्काच्या शेडाचा राखणदार

सिद्धेश्वराच्या देवळाकडं तोंड करून सांगतो, ही गोष्ट अक्षर न् अक्षर खरी आहे. देऊळ इथून पंचवीसेक किलोमीटर लांब, आणि अंधारात ते नेमकं कुठल्या अंगाला येतं हे मला सांगता येणार नाही. पण शपथ ती शपथ. आता अक्षर न् अक्षर खरी म्हणजे, त्यातली थोडी अक्षरं माझी आहेत. कुठली, ते शेवटी सांगेन. तोवर कुणी मधे उठून जायचं नाही.

परवा गस्तीवरच्या पोरांनाही मी असंच बजावलं होतं. वळसंगच्या पुढं आमचं गाव. मे महिना, रात्रीचे साडेबारा, आणि शाळेचा कट्टा अजून गरम. कट्ट्यावर तिघं: मी, अभिमन्यू आणि पृथ्वीराज. दोघं विशी-बाविशीतले. हातात काठी, गळ्यात शिट्टी, पृथ्वीराजच्या कानात गाण्याची वायर. महिनाभरात तीन वस्त्यांवर चोऱ्या झाल्या, म्हणून ग्रामसुरक्षा दलानं पाळ्या लावल्यात. मी पन्नाशी ओलांडली, माझी पाळी खरं तर नसतेच. पोरांना झोप लागू नये म्हणून मला बसवतात. पोलीस पाटलांनी वहीत माझ्या नावापुढं 'गप्पा' असं लिहिलंय, असं म्हणतात. मी वही बघितलेली नाही.

अभिमन्यू म्हणाला, "काका, गिरिजाक्काच्या शेडाचं सांगा. पण खरं काय ते सांगा."

"खरंच सांगतो की. माझ्या ओळखीच्या बाईच्या बाबतीत घडलेलं हाय."

"समदं तुमच्या ओळखीच्यांनाच कसं घडतंय?"

"माझी ओळख लई मोठी हाय म्हणून. पृथ्वीराज, ती वायर काढ. एका कानानं भूत कळत न्हाय."

तर गिरिजाक्का. गावापासून दीड किलोमीटरवर ओढ्याच्या अलीकडं कोरे वस्ती आहे, तिथं ती एकटी राहते. वय अडुसष्ट. नवरा जाऊन पाच वर्षं झाली. मुलगा अनिलकुमार चिंचोळी एमआयडीसीत सुपरवायझर. तो आणि सून सिद्धेश्वरी सोलापुरात फ्लॅटमध्ये राहतात. वस्तीवर अक्काचं दोन खोल्यांचं घर, आणि समोर तीस पावलांवर पत्र्याचं शेड. शेडात शेळ्या, तुरीची पोती, एक जादाची मोटार, केबलचं वेटोळं. चोराला यादी करून द्यावी असा सगळा माल एका छताखाली.

गेल्या दिवाळीच्या सुमारास तिथं पहिली चोरी झाली. केबल गेली आणि दोन शेळ्या गेल्या. आमच्याकडच्या चोरांची एक रीत आहे. शेडाला हात लावायच्या आधी ते राहत्या घराला बाहेरून कडी लावतात. आतला माणूस जागा झाला तरी दार धरून ओरडण्यापलीकडं त्याला काही करता येत नाही. आणि बाहेरून कडी नाही असं दार आमच्याकडं नाहीच, कारण दिवसा रानात जाताना कुलूप लावायचं तिलाच. आपण आपल्या हातानं बसवलेली कडी, आणि तिनं आपणच कोंडले जातो. त्या रात्री अक्का पहाटेपर्यंत दार बडवत होती.

अनिलकुमारनं आधी कॅमेरा बसवला. सोलरवर चालणारा, मोबाइलवर दिसणारा. आठव्या रात्री कॅमेराच चोरीला गेला. मोबाइलवर शेवटचं चित्र आलं ते एका पंजाचं. पंजा मोठा मोठा होत गेला आणि मग काळोख. मग त्यानं भोंगा बसवला, दार हललं की बोंबलणारा. शेळ्या दाराला अंग घासायच्या, रोज चार वेळा भोंगा वाजायचा. पाचव्या दिवसापासून शेजारच्या वस्तीवरचा सोमशेखर कूस बदलून झोपायला लागला. भोंगा वाजत असतानाच एकदा पाइप गेले.

तेव्हा अनिलकुमार वस्तीवर येऊन बसला. पोरगा वाईट नाही. म्हणाला, "अव्वा, बास झालं आता. मला रात्रीची ड्युटी असती. तिकडं मशीनवर हात आन् इकडं जीव. अजून एकदा चोरी झाली की शेळ्या विकायच्या, रान वाट्यानं द्यायचं, आन् तू सोलापूरला यायचं."

अक्का म्हणाली, "तुझ्या फ्लॅटात गेलं की चपला हितं काढू नका म्हनत्यात. गॅलरीत हुबारलं की खाली पानी सांडू नका म्हनत्यात. मी काय शाळंत घातलेली हाय व्हय?"

"अव्वा, शब्द दे."

तिनं काळ्या शेळीच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "अजून एकदा चोरी झाली तर येते. दिला शब्द. आन् न्हाय झाली तर मला न्ह्यायचं नाव काढायचं न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या दारात. हातात पिशवी, पिशवीत पाव किलो शेंगा. शेंगा कट्ट्यावर ठेवल्या आणि म्हणाली,

"गुरुशांत, मला एक भूत पायजे."

मी म्हटलं, "अक्का, बसा तरी."

"बसत न्हाय. कॅमेरा चोरून नेला, भोंग्याला भेली न्हाईत ती. भुताला कोन चोरतंय? तू गावभर खोटं सांगत फिरतोस, एकदा कामाचं सांग. माझ्या शेडाला एक भूत दे. चांगलं. टिकाऊ."

पोरांनो, आयुष्यात माझ्या कलेला पहिल्यांदा गिऱ्हाईक आलं. मी मांडी घालून बसलो. म्हटलं, "हिरव्या लुगड्यातली बाई देऊ? केस मोकळे, पायात पैंजण."

"बाई नको. बाईचं भूत म्हटलं की टवाळ पोरं बघायला येत्यात."

"मग मुंज्या देऊ?"

"त्येला पिंपळ लागतोय. माझ्याकडं पिंपळ न्हाय."

"कोंबडं-बकरं मागणारा एक हाय माझ्याकडं. लई कडक."

अक्कानं माझ्याकडं असं बघितलं की मी शेंग तोंडात घालायची थांबलो. "गुरुशांत, आपन लिंगायत मानसं. मांस खानारं भूत माझ्या शेडात चालनार न्हाय. आन् शेडात शेळ्या हायत्या, त्येंच्यापुढं असलं बोलू बी नको."

शेवटी मी तिच्यासाठी नवाकोराच बनवला. नाव जोतिराम. धंदा चोरी. मृत्यू बहात्तरच्या दुष्काळात. अक्काचं शेड आहे त्या जागेखाली जुनं पेव होतं, हे खरं आहे. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं ज्वारीचं कोठार, वरून एका माणसापुरतं तोंड. उघडलं की आतली कोंडलेली हवा आधी जाऊ द्यावी लागते. लगेच उतरलेला माणूस वर येत नाही. तर माझा जोतिराम दुष्काळात ज्वारी चोरायला तिथं उतरला. घाईत. हवा न जाऊ देता. आत तो तडफडायला लागला, आणि वर उभ्या असलेल्या साथीदारांनी काय करावं? माणसाची चाहूल लागली म्हणून पेवावर दगड सरकवला आणि पळाले. तेव्हापासून जोतिराम चोरांवर खुन्नस धरून आहे. चोर आत गेला की हा बाहेरून कोंडतो. वर एक पाय लंगडा, आणि श्वास घेताना आवाज होतो.

"लंगडा कशाला?" अक्का म्हणाली. "पळनाऱ्याला धरायचं कसं त्येनं?"

"लंगडा असला की पाऊल ओळखू येतंय अक्का. एक वाजतंय, एक घासतंय. भीती त्यात हाय."

तिनं थोडा विचार केला आणि जोतिराम पसंत केला.

मग मी तो पेरला. वळसंगच्या बाजारात सांगितला, हजामाकडं सांगितला, एसटीत शेजारच्या अनोळखी माणसाला सांगितला. आणि सगळ्यात महत्त्वाचं, केबल जाळून तांबं विकलं जातं अशा एका भंगारवाल्याच्या दुकानात जाऊन सांगितला. दुकानाचं नाव सांगणार नाही. वर्तमानपत्रापेक्षा तिथून बातमी लवकर जाते, आणि ज्यांना जायला पाहिजे त्यांनाच जाते.

अक्काला डिसेंबर निवांत गेला. सोमशेखरच्या विहिरीवरची मोटार गेली, ओढ्यापलीकडं शेळ्या गेल्या, अक्काच्या शेडाला ओरखडा नाही. सोमशेखर मला रस्त्यात गाठून हळूच म्हणाला, "गुरुशांत, आमच्या बी विहिरीवर एक बघा की." मी म्हटलं, सध्या शिल्लक नाही.

अभिमन्यू हसला. पृथ्वीराजही हसला. गोष्टीच्या या ठिकाणी सगळेच हसतात. मी हसू देतो.

मग आली सोळा जानेवारी. शुक्रवार. अमावास्या दोन दिवसांवर, म्हणजे आकाशात चंद्राचा पत्ता नाही. सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा, आणि त्या रात्री शोभेचं दारूकाम. आमचं अर्धं गाव टेंपोत बसून गेलं. वस्त्या तर पार रिकाम्या. सोमशेखर बायकापोरांसकट गेला. मीही गड्ड्यातच होतो, पाळण्याजवळ भजी खात उभा. अनिलकुमारनं आईला न्यायला मोटारसायकल पाठवतो म्हटलं, तर ती म्हणाली, "आवाजाला माझ्या शेळ्या भेत्यात. त्येंच्यापाशी कोन बसनार?"

पुढचं मी सांगतोय ते अक्काच्या तोंडून ऐकलेलं, आणि थोडं चोरांनी पोलिसांपुढं सांगितलेलं.

साडेआठला ती आडवी झाली. नऊ चाळीसला जाग आली. भिंतीवरच्या घड्याळात बघितलं म्हणून वेळ नक्की. कशानं जाग आली ते कळेना. मग लक्षात आलं, शेडावरच्या बल्बचा उजेड खिडकीतून भिंतीवर पडतो, तो पडत नव्हता.

ती उठून बसली.

बाहेर दाराशी आवाज झाला. कर्र... खट.

कडी.

"घाबरलीस का अक्का?" असं मी तिला नंतर विचारलं होतं. म्हणाली, "घाबरले की. पन त्येंना कशाला कळू द्यायचं?"

ती दारापाशी गेली आणि आतून म्हणाली, "लावली व्हय रे? नीट लाव. ढिली हाय ती, वर उचलून घालावी लागती."

बाहेर पावलं घुटमळली. मग कुणीतरी नाकातून हसलं. पावलं शेडाकडं गेली.

तिनं मोबाइल घेतला. आमच्या ग्रामसुरक्षेचा एक नंबर आहे. तो लावून बोललं की आवाज एका वेळी गावातल्या सगळ्या मोबाइलवर जातो. तिनं लावला. म्हणाली, "मी गिरिजाबाई कोरे. वस्तीवर चोर हायत्या. मला कोंडलंय. या." दीडशे मोबाइल वाजले. दीडशे खिशांत. गड्ड्याच्या मैदानात. वर आकाश फुटत होतं आणि लोक माना वर करून बघत होते. अनिलकुमारच्या खिशातही वाजला.

कुणी आलं नाही.

शेडाचं कुलूप तुटल्याचा आवाज आला. कटावणी जमिनीवर पडली. दार किंचाळलं, पत्र्याचं दार किंचाळतं तसं. अक्का खिडकीशी गेली. आत टॉर्चचा उजेड हलत होता. माणसं दोन. तिसरा रस्त्यावर पिकअप घेऊन थांबलेला, पण तो तिला दिसत नव्हता. एकानं पोतं दारापाशी ओढलं. दुसऱ्यानं शेळीचा कान धरला. शेळी ओरडली.

त्या वेळी तिच्या मनात काय आलं असेल? शेळी नाही, पोतं नाही. तिला दिसली सोलापूरची गॅलरी. शब्द दिला होता. उद्या सकाळी पोरगा येणार, तिचं गाठोडं बांधणार, आणि त्याचं काही चुकणारही नाही.

तिनं गज धरले. आणि हाक मारली.

"जोत्या."

शेडातला उजेड थांबला.

"जोत्या, म्याल बा." कानडी तिची घरची भाषा. मग मराठीत, मोठ्यानं. "वर ये. ऊठ. पावनं आल्यात."

मी तिला म्हटलं होतं, अक्का, तो तर मी बनवलेला, तुला माहीत होतं की. तर म्हणाली, "म्हाईत हुतं. पन त्या टायमाला हाक मारायला दुसरं कोन हुतं?"

शेडात एक जण हसला. दुसरा, वयानं लहान, हसला नाही. त्यानं भंगारवाल्याकडं ऐकलं होतं. "दादा... हे तेच शेड."

"गप. पोतं उचल."

"दादा, ते पेव..."

"म्हातारीचं ऐकतोस व्हय."

अक्का बोलतच राहिली. "जोत्या, तुजं मानूस तुला टाकून पळालं. ह्येंचं बी पळंल. बघ तू. ऊठ."

मग...

शेळ्या गप झाल्या.

सगळ्या. एकदम. कुणी पाठीवरून हात फिरवल्यावर होतात तशा.

वारा नव्हता. कडब्याचं पान हलत नव्हतं. अक्का म्हणते, मला माझ्याच बांगडीचा आवाज आला. मग दुसरा आवाज. एक पाऊल... थांबून... काहीतरी घासलं.

एक पाऊल...

घासलं.

अंगणात कुणी नव्हतं. ती बघत होती. कुणीच नव्हतं.

शेडाचं दार हललं. वाऱ्यानं म्हणावं तर जोरात नाही. हळू. झोपलेल्या घरात कुणी दार ओढून घ्यावं, तसं. ते दार रोज किंचाळतं. त्या वेळी किंचाळलं नाही.

लागलं.

कडी पडली.

 मग मोठ्याचा आवाज. "ए... उघड की. चेष्टा करू नको." त्याला वाटलं, रस्त्यावरचा ड्रायव्हर आलाय.

बाहेरून कडी हललीसुद्धा नाही.

"उघड बे."

नाही.

टॉर्च विझली होती. दोघं काळोखात उभे. शेळ्यांमध्ये. आणि लहान चोरानं नंतर सांगितलं, साहेब, आम्ही दोघं होतो... श्वास तिघांचा येत होता.

मग त्यांनी पत्रा बडवायला सुरुवात केली. रस्त्यावर पिकअप चालू झाल्याचा आवाज आला. निघून गेली. बडवणं वाढलं. मग कमी झालं. मग थांबलं. आणि त्यातला एक रडायला लागला, ते अक्कानं स्पष्ट ऐकलं.

ती खिडकीतून म्हणाली, "रडायला काय झालं? गावभर कड्या लावत फिरता, मग आतनं कसं दिसतंय ते बघा की जरा."

आतून काहीतरी हात जोडल्यासारखं बोलणं आलं.

"मला हात जोडू नका, मी बी कोंडलेली हाय. तुमीच कोंडलंय. बसा गप. आन् काळ्या शेळीला धक्का देऊ नका, गाभन हाय ती."

पोरांनो, दोन-अडीच तास ही बाई त्या दोघांशी बोलत होती. आईचं नाव विचारलं, गाव विचारलं, जेवलाय का विचारलं. जेवले नव्हते. "बरं झालं," म्हणाली.

साडेबाराला टेंपो परत आला. रस्त्यातच कुणीतरी मोबाइल बघितला होता, त्यामुळं सगळा टेंपो थेट वस्तीवर. सोमशेखरनं धावत जाऊन अक्काच्या दाराची कडी काढली. मग पंधरा जणांनी काठ्या घेऊन शेडाचं दार उघडलं. मोठा चोर पोत्यावर बसलेला, डोळे मिटून. लहान्यानं काळी शेळी मांडीवर घेतलेली. पोलीस आले तरी तो तिला सोडेना. ड्रायव्हरला दुसऱ्या दिवशी धरलं. तो म्हणाला, मी स्टेअरिंग सोडून खाली उतरलोच नाही; आणि त्यानं कशाला खोटं बोलावं? उतरून दार लावलं असतं तर उलट शाबासकीच मिळाली असती. जमादारानं वहीत लिहिलं, वाऱ्याने दार लागले व कडी पडली.

अनिलकुमार रात्री दीडला पोचला. केस विस्कटलेले, डोळे लाल. म्हणाला, "अव्वा, भर पिशवी. चल."

अक्का शेडाच्या दारात उभी होती. म्हणाली, "शेळ्या मोज."

"अव्वा..."

"मोज म्हनते ना. आन् पोती मोज."

त्यानं मोजल्या. मोजून परत मोजल्या. सगळं जागच्या जागी.

"चोरी झाली का?"

तो तुटलेलं कुलूप उचलून बघायला लागला.

"झाली का, विचारते. शब्द काय हुता आपला? जा, घरी जा. सिद्धेश्वरी जागी आसंल. आन् सकाळी ड्युटी हाय तुला."

पोरगा मोटारसायकलवर बसला, दहा मिनिटं तसाच बसून राहिला, आणि गेला. त्यानंतर त्यानं नेण्याचं नाव काढलेलं नाही. अक्का तिथंच आहे. परवा तिला काळ्या शेळीची दोन करडं दाखवायची होती म्हणून मी जाऊन आलो.

एवढं सांगून मी थांबलो.  मग अभिमन्यूनं घसा खाकरला.

"काका, आता सांगा. खोटं कुठलं?"

शेवटी सांगेन म्हटलं होतं, म्हणून सांगितलं. तुम्हालाही सांगतो.

श्वास तिघांचा, हे माझं. चोर तसं काही म्हणाले नाहीत. लंगडं पाऊल अक्कानं ऐकलं, असंही मी म्हटलं. तेही माझं. तिनं फक्त दार बघितलं.

आणि मी गड्ड्यात भजी खात होतो, हे खोटं.

मी तिथंच होतो. शेडामागच्या कडब्याच्या गंजीत. अक्कानंच बोलावलं होतं. म्हणाली होती, आज समद्या वस्त्या रिकाम्या, तू घोंगडं घेऊन ये आणि गरज पडली तर जरा लंगड. जोतिराम मीच होणार होतो. पाऊल घासायचा सराव केला होता घरी, बायको हसून हसून बेजार. मोबाइल बंद करून ठेवला होता. गंजीत ऊब होती. डोळा लागला. कडीच्या आवाजानं उघडला तर ते आले होते. अक्कानं "जोत्या" म्हणून हाक मारली, ती मला होती; 'हाक मारायला दुसरं कोन हुतं' हे तिचं म्हणणंही मीच रचलेलं.

आणि मी उठलो नाही. दोन माणसं, कटावणी, आणि मी एकटा. घोंगड्यात तोंड घातलं. ती हाका मारत राहिली. मी ऐकत राहिलो.

मग घोंगड्याच्या फटीतून मला ते दार दिसलं. हळू जाताना. माझ्यापासून आठ पावलांवर. दाराच्या पुढं कुणी नव्हतं, मागं कुणी नव्हतं.

"म्हंजी तुमीच लावलं," पृथ्वीराज म्हणाला.

"लेका, मी लावलं असतं तर चार महिने गप बसलो असतो व्हय? वळसंगच्या चौकात बोर्ड लावला असता मी."

हे त्याला पटलं. ते तुम्हालाही पटावं.

टेंपोचे दिवे दिसले तेव्हा मी बाहेर आलो. गंजीत दबून पाय बधीर झालेले. लंगडतच गेलो, खरोखरचा. दारापाशी गेलो तर कडी कोयंड्यावर बसलेली. कुलूप तर तुटून खाली पडलेलं, मग आतून दोघांनी एवढं बडवूनही कडी निघाली कशी नाही? हात लावला. कोयंड्यात काडी खोचलेली होती.

वाऱ्यानं कडी पडेल. वारा काडी खोचत नाही.

ती मी काढली, खिशात टाकली आणि टेंपोतून उतरणाऱ्या गर्दीत मिसळलो. लोकांनी काडी बघितली असती तर म्हणाले असते, माणूस होता. माणूस म्हटलं की भीती गेली. भीती गेली की चोर परत आले, आणि अक्का सोलापूरला गेली. मी तिच्या हाकेला उठलो नव्हतो. एवढं तरी करायला पाहिजे होतं.

अक्काला एकटीला नंतर दाखवली. गंजीतलंही सांगितलं. गंजीवर ती एक शब्द बोलली नाही. काडी हातात फिरवली, चष्मा लावून टोक बघितलं, आणि परत दिली. म्हणाली, "दात घासतंय म्हंजी चांगल्या घरचं आसंल. ऱ्हाऊ दे. आन् तू आता नवीन काय बनवू नको. हाय ते पुरं हाय."

मी रुमाल काढला आणि कट्ट्यावर उलगडला. अभिमन्यूनं टॉर्च मारली. कडुलिंबाची काडी. वीतभर. एका टोकाला चावून चावून कुंचा केलेला, दातवण करून झाल्यावर होतो तसा.

"सोळा जानेवारीपासून माझ्याकडं हाय," मी म्हटलं. "पत्र्याच्या घरात, फळीवर. परवा चव्वेचाळीस डिग्री झालं."

साल हिरवी होती.

अभिमन्यूनं कुंच्याला बोट लावलं. झटकन काढून विजारीला पुसलं. मग परत नाकापाशी नेलं...

"ओली हाय," तो म्हणाला.